समतोल कशाचा कशाशी?

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात सौंदर्यशास्त्र शिकवणाऱ्या कोणालाही मर्ढेकरांचे तीन शब्द चुकवता येत नाहीत : संवाद, विरोध आणि समतोल. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात सौंदर्य म्हणजे लयबद्ध संघटना अशी भूमिका घेऊन मर्ढेकरांनी लयीचे हे तीन नियम सांगितले. आम्ही दोघे ते गेली पंधरा-सोळा वर्षे शिकवीत आहोत. व्याख्या सांगतो, उदाहरणे सांगतो, विद्यार्थी उतरवून घेतात, आणि परीक्षेत ते आमच्याकडे बहुधा आमच्याच शब्दांत परत येते. या देवघेवीत काही गैर आहे असे आम्हांला बराच काळ वाटले नव्हते.

एका वर्षी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीडिएट या चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा दिलेल्या एका विद्यार्थ्याने तास चालू असताना विचारले, "सर, समतोल म्हणजे नेमका कशाचा कशाशी?" आम्ही घटकांचा घटकांशी असे काहीसे उत्तर दिले. त्याचे समाधान झाले नाही. तो म्हणाला, "आमचे ड्रॉइंगचे सर चित्र उलटे धरून दाखवायचे. उलटे धरले की एक बाजू जड झालीय ते लगेच कळायचे. कवितेत काय उलटे धरायचे?" वर्ग हसला, आम्हीही हसलो आणि 'ते पुढे येईल' असे सांगून पुढचा मुद्दा घेतला. ते पुढे कधीच आले नाही. आमच्या टिपणांत ते नव्हतेच.

या लेखात आम्हांला जे म्हणायचे आहे ते त्या प्रश्नातून आलेले आहे. रेषा, आकार, पोत, अवकाश, लय, तोल, विरोध, प्रमाण हे शब्द साहित्याच्या समीक्षेने दृश्यकलेकडून उसने घेतले, आणि उसने घेताना त्यांच्याबरोबर येणारी तपासणीची रीत मात्र तिथेच ठेवली. चित्राच्या वर्गात 'तोल ढळला आहे' हे विधान चुकीचे ठरू शकते, कारण ते कागदावर पडताळून पाहता येते. साहित्याच्या वर्गात 'कवितेने उत्तम तोल साधला आहे' हे विधान कधीच चुकत नाही. जे चुकूच शकत नाही त्याने कवितेविषयी काही सांगितले जात नाही, फक्त शाबासकी दिली जाते.

हे शब्द मुळात किती साधे आहेत हे पाहायला कलामहाविद्यालयात जावे लागत नाही. ठिपक्यांची रांगोळी घ्या. 'सात ते चार' ठिपके म्हणजे मधल्या ओळीत सात आणि दोन्ही बाजूंना एकेक कमी करत चारपर्यंत. ठिपके मांडून होतात तेव्हा जमिनीवर अजून चित्र नसते, जागा मात्र ठरलेल्या असतात. बिंदूचे काम तेच : पोकळीत एक ठिकाण निश्चित करणे. मग रेषा येते, ती ठिपक्यांना जोडते किंवा त्यांना वळसा घालून जाते, आणि रेषा बंद झाली की आकार होतो. एकच पाकळी सहा वेळा येते तेव्हा पुनरावृत्तीतून लय येते. यांपैकी एकही संज्ञा रांगोळी काढणाऱ्या बाईच्या तोंडी नसते. तरीही शेजारची बाई उंबऱ्याशी थबकून 'इकडचं एक पान राहिलं गं' असे म्हणते, तेव्हा तिने समतोलाचा भंग नेमका कुठे आहे ते बोट ठेवून दाखवलेले असते.

रांगोळीतला समतोल सममितीचा असतो. डावीकडे जे तेच उजवीकडे. तो ओळखायला सोपा आणि म्हणूनच लवकर संपणारा. ड्रॉइंगच्या वर्गात मुलांची खरी परीक्षा होते ती वस्तुचित्रात. टेबलावर एक तांब्याची घागर, खाली घडी पडलेले कापड आणि दोन लिंबे. घागर मोठी, काळपट, एका बाजूला. लिंबे दुसऱ्या बाजूला, घागरीच्या मानाने नगण्य. तरी चित्र एका बाजूला कलत नाही, कारण पिवळ्या रंगाला वजन असते, आणि लहान वस्तू मध्यापासून दूर सरकवली की तिचे वजन वाढते. तराजूच्या दांडीवर होते तसेच. शिक्षक लिंबू चार बोटे आत सरकवतात आणि मुलांना म्हणतात, 'आता बघा'. सगळ्यांना दिसते की घागर जड झाली. हातात येणारी गोष्ट आहे ही, तिच्यात कसलीही गूढता नाही. आमच्या विद्यार्थ्याला कवितेत हवे होते ते हे लिंबू.

घटक आणि तत्त्वे यांची जी यादी आज सर्वत्र पाठ केली जाते तिच्याविषयी एक गैरसमज आहे. बिंदू, रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश हे घटक, आणि समतोल, लय, प्रमाण, विरोध, प्राधान्य, एकता ही तत्त्वे. अशी यादी समोर आली की ती निसर्गनियमासारखी वाटते. पण ती फार जुनी नाही. अमेरिकेतील कलाशिक्षक आर्थर वेस्ली डाऊ यांचे 'कॉम्पोझिशन' हे पुस्तक १८९९ साली आले. त्यात घटक तीनच आहेत : रेषा, नोतान आणि रंग. नोतान हा जपानी शब्द, उजळ आणि गडद यांच्या मांडणीसाठी. म्हणजे ज्या यादीला आपण पाश्चात्त्य म्हणून नमस्कार करतो किंवा नाक मुरडतो तिच्या मुळाशीच जपानी चित्रे आहेत. पुढे कॅन्डिन्स्की बाऊहाऊसमध्ये शिकवत असताना, १९२६ साली, त्यांचे बिंदू, रेषा आणि प्रतल यांच्याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. या याद्या कलाशाळांतल्या शिक्षकांनी वर्गाच्या गरजेपोटी केल्या. त्यांत हातच्या सरावाला जागा होती, पाठांतराला नव्हती.

आपल्याकडची यादी वेगळी आहे. 'कामसूत्रा'वरील यशोधराच्या 'जयमंगला' टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य, वर्णिकाभंग. यातले प्रमाण आणि रूपभेद आधुनिक यादीशी सहज जुळतात. भाव मात्र जुळत नाही. आधुनिक यादीत भाव हा घटक नसतो. घटक नीट जुळले तर भाव निर्माण होईल असे ती गृहीत धरते. षडंगात तो प्रमाणाच्या शेजारीच बसलेला आहे. उलट नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांचा (१९२४–२००१) उत्तरकाळातला कॅनव्हास पाहिला तर तिथे सादृश्य शोधूनही सापडत नाही. रंगाचे थर, पोत, प्रकाश आणि विलक्षण सांभाळलेला तोल एवढेच असते. कोणत्याही एका यादीत दोन्ही मावत नाहीत. यादी आपल्याला एवढेच सांगते की ती करणाऱ्याची नजर कशाच्या शोधात होती. विद्यार्थ्यांना हे एवढे जरी सांगितले, तरी यादी पाठ करण्याची सक्ती आपोआप ढिली होते असा आमचा अनुभव आहे.

विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्राची सुरुवात आम्ही आता दर वर्षी वर्गात सांगतो. वज्र राजाला मूर्ती घडवण्याची विद्या शिकायची आहे. मार्कंडेय त्याला म्हणतात, चित्र जाणल्यावाचून मूर्ती कळणार नाही. चित्रासाठी नृत्य जाणले पाहिजे, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गीत. राजाची पंचाईत होते. आमच्या अभ्यासमंडळांचीही झाली असती, कारण एवढे क्रेडिट कोणत्या पेपरला द्यायचे हा प्रश्न उभा राहिला असता! त्याच ग्रंथात पुढे असेही म्हटले आहे की जाणते आचार्य चित्रातल्या रेषेची वाखाणणी करतात आणि इतर जन रंगांच्या झगमगाटाची. साहित्याचा अध्यापक या प्रतवारीत कुठे बसतो याचा विचार करताना आम्हांला थोडे ओशाळल्यासारखे झाले. आपण बहुधा चित्राखालचे नाव वाचतो आणि पुढे जातो.

यादीचा जाच सर्वाधिक कुठे होतो? ज्या कलेने ती यादी वापरलीच नाही, त्या कलेकडे आपण ती घेऊन जातो तेव्हा. वारली चित्रांचे उदाहरण घेऊ. वारल्यांच्या लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर सुवासिनी चौक लिहितात. शेणाने सारवलेली किंवा गेरूने रंगवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. मध्ये चौरस, त्याला नक्षीच्या पट्ट्यांची चौकट, आत पालघट देवी. बाहेर झाडे, जनावरे, माणसे. इथला माणूस दोन त्रिकोणांचा असतो. वरचा त्रिकोण खाली निमुळता, खालचा वर निमुळता, आणि दोन्ही टोके कमरेशी एकमेकांना टेकलेली. आता याकडे समतोलाच्या दृष्टीने पाहा. अख्खे शरीर एका बिंदूवर तोललेले आहे. असा आकार स्थिर उभा राहू शकत नाही. तो कलणारच, आणि कलला की चालू लागतो, वाकतो, नाचतो. वारली चित्रातली माणसे सतत काही ना काही करताना दिसतात याचे कारण विषयात आहेच, पण ते त्या दोन टोकांच्या सांध्यातही आहे. पाय-हात म्हणजे साध्या रेषा. सारी गती त्या सांध्यातून येते. आम्हांला हे कळायला फार वर्षे लागली. विद्यार्थ्यांना फळ्यावर आधी चौकोनी धडाचा आणि मग त्रिकोणी धडाचा माणूस काढायला सांगितला तेव्हा ते मिनिटभरात कळले.

तारप्याच्या नाचाचे चित्र त्याहून बोलके. मध्ये तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची वळत जाणारी साखळी. ही साखळी आपल्याला वरून दिसते, पण तिच्यातला प्रत्येक नर्तक बाजूने दिसतो. जमिनीची रेषा नाही, क्षितिज नाही, लांबचा लहान आणि जवळचा मोठा असा हिशेब नाही. शाळेच्या यादीतले यथार्थदर्शन इथे लावले तर चित्र 'चुकते'. प्रत्यक्षात ते काहीच चुकत नाही. नाचाची आखणी वरूनच कळते आणि पावलांचा ठेका बाजूनेच कळतो. चित्राला दोन्ही हवे आहे, आणि त्याने दोन्ही घेतले आहे. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्या हातून ही कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आली, लग्नविधीपासून सुटली, आणि जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माध्यम बदलताना काय हरवले आणि काय कमावले हा स्वतंत्र विषय आहे, तो इथे नको.

नर्तकांच्या त्या साखळीवरून आम्हांला लीळाचरित्राची आठवण झाली, आणि ही आठवण आमच्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची आहे. लीळाचरित्र शिकवताना विद्यार्थी हमखास तक्रार करतात की यात सलगता नाही. एक लीळा संपते, दुसरी सुरू होते. कार्यकारणाचा धागा नाही, कथानक चढत जात नाही. पाठ्यपुस्तकी तत्त्वांच्या भाषेत, एकतेचा अभाव. आम्हीही वर्षानुवर्षे 'आद्य गद्यग्रंथ असल्याने' वगैरे सांगून त्या अभावाची वकिली करत आलो. परंतु त्यात कमी असे काही आहेच असे का मानायचे? मध्ये चक्रधर आहेत. प्रत्येक लीळा त्यांच्याकडे एका बाजूने, अगदी जवळून पाहते. जेवताना, चालताना, कोणाला उत्तर देताना. आणि सर्व लीळांचा मिळून जो फेर होतो तो वरून पाहावा लागतो. दोन प्रकारचे पाहणे एकाच ग्रंथात आहे. म्हाइंभटांनी आठवणी गोळा करताना सांगणाऱ्या माणसांची तोंडे जशीच्या तशी राखण्याचा जो कसोशीचा प्रयत्न केला, त्याचाही अर्थ या दृष्टीने वेगळा लागतो. ही तुलना सिद्धान्त म्हणून आम्ही मांडत नाही. वर्गात मात्र तिने तक्रार थांबवली आणि वाचन सुरू केले, एवढे खात्रीने सांगू शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे : कवितेत काय उलटे धरायचे?

आम्हांला उत्तर सापडले ते अभंगाच्या रचनेत. ते इतक्या जवळ होते की आजवर दिसले नाही याचेच नवल. अभंगाचे दोन मुख्य प्रकार छंदःशास्त्रात सांगितले जातात. लहान अभंगाच्या दोन चरणांत साधारणतः आठ-आठ अक्षरे आणि शेवटी यमक. हा रांगोळीचा समतोल. डावीकडे आठ, उजवीकडे आठ. मोठ्या अभंगाचा घाट निराळा. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा अक्षरे, चौथ्यात चारच. दुसरा आणि तिसरा चरण यमकाने जोडलेले, चौथा मोकळा. अठरा अक्षरांसमोर चार अक्षरे, म्हणजे घागरीसमोर लिंबू. आम्ही वर्गात सांगितले की या मापाचे एक कडवे स्वतः करा, कसेही चालेल. मुलांनी मिळून केले ते असे : 'पाहिले मी चित्र । ठिपके ठिपके । रंग झाले फिके । भिंतीवर ॥' काव्य म्हणून त्याची योग्यता शून्य, पण माप चोख. मग शेवटच्या चरणात दोन अक्षरे वाढवायला सांगितली. 'जुन्या भिंतीवर' असे झाले. दोन्ही कडवी मोठ्याने म्हणून पाहिली. पहिल्यात 'भिंतीवर'पाशी आवाज आपोआप खाली बसतो, कडवे मिटते. दुसऱ्यात सहा-सहा-सहा-सहा अशी चाल पुढे चालूच राहते, आवाज पुढच्या चरणाची वाट पाहतो. अर्थाला एक विशेषण मिळाले आणि कडव्याचा तोल गेला. ज्यांनी आजवर शेकडो अभंग ऐकलेले होते त्या मुलांना तो गेलेला तोल कानाने कळला. पुढे ज्ञानेश्वरीची ओवी घेतली. तिच्यात अक्षरांची संख्या बांधलेली नाही, पण तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, सुटा. 'साडेतीन चरणी' हे शब्द आम्ही कित्येकदा उच्चारले होते. तो अर्धा चरण कोणते काम करतो हे त्या दिवशी पहिल्यांदा बोललो.

तथापि इथेच एक अडचणही दिसली, आणि ती मर्ढेकरांपर्यंत जाते. चित्रात घागर आणि लिंबू एकाच वेळी समोर असतात. हाताने अर्धे चित्र झाकता येते, पुन्हा उघडता येते. कडव्यात चौथा चरण येतो तेव्हा पहिले तीन होऊन गेलेले असतात. तोल साधला जातो तो स्मरण आणि अपेक्षा यांच्यात. म्हणून 'समतोल' हा शब्द चित्रातून कवितेत येतो तेव्हा तोच नियम येत नाही, त्याचा चुलत भाऊ येतो. मर्ढेकरांना ही अडचण दिसत नव्हती असे नाही. साहित्याचे माध्यम केवळ ध्वनी नव्हे, भावनांनी भारलेला अर्थ आहे असे धरून त्यांनी लयीचे नाते भावनांच्या पातळीवर नेले. 'भावनानिष्ठ समतानता' ही त्यांची संज्ञा त्यातूनच आली. पण भावनेवर हात ठेवून ती झाकायची कशी? या टप्प्यावर त्यांचे नियम पडताळणीच्या बाहेर जातात असे आमचे मत आहे. १९७४ च्या 'सौंदर्यमीमांसे'त रा. भा. पाटणकरांनी सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे दाखवून एकाच सूत्रात सर्व कला बसवण्याच्या प्रयत्नांना जो तात्त्विक लगाम घातला, तो विद्यार्थ्यांना अवघड वाटतो. घागर-लिंबाच्या वाटेने गेले तर त्याची गरज तरी त्यांना पटते.

मर्ढेकरांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की त्यांच्या कवितेत विरोधलय अगदी हातात येते. संतांच्या अभंग-ओवीच्या वळणात त्यांनी यंत्रयुगातले, महानगरातले जे काही ओतले, त्यातला ताण पाहायला सिद्धान्त लागत नाही. छंद एकीकडे ओढतो, आशय दुसरीकडे. तोच आशय मुक्तछंदात मांडून पाहिला तर तो ताण सैल पडतो. कादंबरीतही झाकून पाहण्याची रीत अगदीच अशक्य नाही. 'रणांगण'मधली हॅर्टाची शेवटाकडची पत्रे वगळून कादंबरी वाचून पाहावी. बोटीवरच्या त्या साऱ्या प्रवासाला पानांच्या संख्येने कितीतरी लहान असलेला तो भाग कसा तोलून धरतो, हे वगळल्यावरच ध्यानात येते.

चित्राकडे पाहण्याची सवय नसल्याचे परिणाम केवळ समीक्षेपुरते नसतात. आपल्या विभागाबाहेरचे भित्तिपत्रक पाहा. दर वर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, ते सजते. चारही बाजूंना वेलबुट्टी, कोपऱ्यांत मोर, वर सोनेरी कागदाचे शीर्षक, कुसुमाग्रजांचे छायाचित्र, पाच रंगांतली पाच हस्ताक्षरे, आणि 'मोकळी जागा सोडू नका' ही आमचीच सूचना. या गर्दीत ज्या कवितेसाठी हा घाट घातला ती कविता कोणाच्याच नजरेस पडत नाही. मोकळी जागा म्हणजे आळस, असा आमचा समज होता. एका वर्षी मुलांनी हट्टाने वेगळे केले : पांढरा कागद, डाव्या बाजूला खाली एक आठ ओळींची कविता, बाकी काही नाही. त्या आठवड्यात जिन्यावर थांबून वाचणारे विज्ञान शाखेचे विद्यार्थी आम्ही प्रथमच पाहिले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मात्र विचारले, 'काम अर्धवट का राहिले?'

याहून लाजिरवाणी गोष्ट आमच्या टिपणांची. मुक्तछंदातल्या एका कवितेची आम्ही दिलेली झेरॉक्स प्रत अनेक वर्षे चालत होती. कागद वाचवण्यासाठी टंकलेखकाने दोन-दोन ओळी एकत्र केलेल्या होत्या. मूळ पुस्तक समोर ठेवले तेव्हा कळले की ओळ जिथे तुटत होती तिथेच कवितेचा श्वास होता, आणि आमच्या चार-पाच तुकड्यांनी ती कविता परिच्छेद म्हणून वाचली होती. अरुण कोलटकरांसारखा कवी जे. जे. मध्ये शिकला, जाहिरातक्षेत्रात ग्राफिक डिझायनर म्हणून त्याने हयात घालवली, हे आम्ही 'कविपरिचया'त एका ओळीत उरकतो. त्याच्या पानावरच्या ओळींशी त्या पेशाचे नाते असेल असा विचारही करत नाही. आणि अक्षराचे काय? मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' यांबद्दल राज्य शासनाने २००९ साली निर्णय काढून प्रमाण रूपे ठरवली. तरी आपल्या सूचनाफलकांवर, प्रश्नपत्रिकांवर, पडद्यांवर बहुतेक ठिकाणी हिंदी वळणाची अक्षरे दिसतात, आणि दिवसभर मराठी वाचणाऱ्या आम्हां लोकांना ते जाणवतही नाही.

याचा अर्थ मराठीत ही दृष्टी नव्हती असा नाही. द. ग. गोडसे हे चित्रकार आणि नेपथ्यकार; त्यांच्या एका पुस्तकाचे नावच 'पोत' आहे, आणि दृश्यकलेतला हा शब्द त्यांनी संस्कृतीच्या इतिहासाला ज्या ताकदीने लावला त्याला तोड नाही. माधव आचवल वास्तुशास्त्राचे अध्यापक होते. 'किमया' आणि 'जास्वंद' ही दोन पुस्तके एकाच नजरेने लिहिली आहेत, पहिले इमारतींकडे पाहत, दुसरे साहित्याकडे. प्रभाकर बरव्यांचे 'कोरा कॅनव्हास' (१९९०) हे चित्रकाराने मराठीत लिहिलेले अत्यंत सूक्ष्म चिंतन आहे. आमच्या माहितीतल्या अभ्यासक्रमांत हे तिघे असतात तेव्हा 'ललित गद्य' या सदरात असतात. त्यांचे वाक्य कसे नादमधुर आहे ते शिकवले जाते. त्यांनी काय पाहिले, ते पाहायला कोणी नेत नाही.

आणि एक कबुली. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाने तपासलेल्या उत्तरपत्रिकांत एक उत्तर असे होते : समतोलाची व्याख्या दोन ओळींत, त्रोटक. पुढे पानभर आईच्या विणकामाविषयी. स्वेटरचे दोन पल्ले सारखे असूनही गळ्याशी एक टाका मुद्दाम कमी केला नाही तर मान कशी आवळते, आणि कवितेतही असा एखादा टाका कमी केलेला असतो का, असा प्रश्न विचारून उत्तर संपले होते. पंधरापैकी चार गुण दिले गेले. शेरा होता : 'विषयांतर'. त्याच गठ्ठ्यात आमचे टिपण जसेच्या तसे उतरवणाऱ्याला बारा मिळाले. नियमाने पाहता दोन्ही गुणदाने निर्दोष होती, फेरतपासणीतही टिकली असती.

यंदा प्रश्नपत्रिकेचा मसुदा पाठवताना आम्ही एक प्रश्न घातला : 'मोठ्या अभंगाच्या मापाचे एक कडवे स्वतः रचा, त्याच्या चौथ्या चरणात दोन अक्षरे वाढवा, काय बदलले ते लिहा.' समितीकडून मसुदा परत आला आहे. प्रश्नाला हरकत नाही, सोबत आदर्श उत्तर जोडावे, असे कळवले आहे. ते कसे लिहावे याचा आम्ही विचार करीत आहोत.